फॉर्मात जमिनीचा रकाना नव्हता

(तालुका शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या एका कार्यकर्तीने केलेलं हे बोलणं टेपवरून उतरवलं आहे. मध्ये लाइट गेली तेवढा भाग टेपवर आला नाही, तो तिने नंतर लिहून दिला. तिच्या सांगण्यावरून पाड्यांची आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. प्रश्नोत्तरं जागेअभावी पुढच्या अंकात. – संपादक)



काल रात्री जेवताना एक काका मला म्हणाले, "बाय, तू आता डॉक्टर झालीस, माझ्या गुडघ्याचं काय ते बघ." मी म्हटलं, काका, मी डॉक्टर नाय. तर ते म्हणाले, "मग दोन वरसं मुंबईत केलं काय?" बरोबर आहे त्यांचं. २००७ च्या जूनमध्ये मी गेले तेव्हा पहिल्या सहामाहीची फी तुम्ही वर्गणी काढून भरली. शिष्यवृत्तीचा पैसा आला तो दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीला. म्हणजे हिशोब मागायचा हक्क तुमचा आहे. आज तो द्यायला उभी आहे.

मी शिकले ते सार्वजनिक आरोग्य. डॉक्टर एका माणसाला तपासतो, त्याला काय झालंय ते बघतो. आमच्या अभ्यासात अख्खा पाडा तपासायचा असतो. याच पाड्यात जास्त पोरं का जातात, शेजारच्या पाड्यात का नाही, हे विचारायचं. पहिल्याच आठवड्यात आम्हाला लंडनची गोष्ट सांगितली. १८५४ साली तिथे एका वस्तीत पटकी आली, दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसं मेली. तेव्हा पटकीचा जंतू कोणाला माहीत नव्हता, हवेतून येते असं मोठमोठे डॉक्टर म्हणायचे. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने काय केलं, तर कोण कुठल्या घरात मेलं ते नकाशावर मांडलं, आणि ती घरं पाणी कुठून भरतात ते दारोदार विचारलं. बहुतेक सगळे एकाच पंपावर पाणी भरणारे निघाले. मग त्या पंपाचा दांडा काढून टाकायला लावला. औषध नाही, सुई नाही. दांडा काढला. मला ही गोष्ट फार आवडली. मला वाटलं, हे तर आपलंच काम आहे, दारोदार जाऊन विचारायचं. संघटनेत आपण दुसरं काय करतो?

पण दुसऱ्या महिन्यात कुपोषणाचा तास आला. भिंतीवर चित्र पाडतात ना, तसं. चित्रात एक बाई, कडेवर पोर. लुगडं नेसायची पद्धत बघूनच मला कळलं, बाई आपल्याकडची आहे. डहाणू, जव्हार, मोखाडा, कुठली तरी. खाली इंग्रजीत कारणं लिहिलेली. आईचं अज्ञान. लवकर लग्न. दोन बाळंतपणांत अंतर नाही. अंधश्रद्धा, भगताकडे नेणं. दारू. पोषण आहाराबद्दल उदासीनता. वर्गात चाळीसेक जण होतो, सगळे ते वहीत उतरवून घेत होते. मीपण उतरवून घेतलं. खरं सांगते, हात वर करायची हिंमत झाली नाही. इंग्रजी अडायचं हे एक. पण दुसरंही होतं. शेजारी बसलेल्या मुलीला मी ठाणे जिल्ह्यातली एवढंच सांगितलं होतं, पाड्याचं सांगितलं नव्हतं. चित्रातली बाई माझी मावशी असू शकते हे तिला कळू नये असं मला त्या दिवशी वाटलं. त्याची लाज आजही वाटते, म्हणून मुद्दाम तुमच्यासमोर बोलते.

आणि त्या यादीतलं सगळंच खोटं होतं असंही नाही. ते मागाहून सांगते.

वाचनालयात मात्र मला एक माणूस भेटला. पुस्तकात भेटला. रुडॉल्फ फिरशो, जर्मन डॉक्टर. १८४८ साली अप्पर सायलेशिया म्हणून गरीब मुलूख होता, आज तो पोलंडमध्ये आहे. तिथे तापाची मोठी साथ आली, वर दुष्काळ. सरकारने या सव्वीस वर्षांच्या पोराला बघायला पाठवलं. सरकारला वाटलं असेल, हा येऊन चार औषधं सुचवेल. त्याने अहवालात काय लिहिलं? की इथल्या लोकांना लोकशाही द्या. त्यांच्या भाषेत शाळा काढा, कारण लोक पोलिश बोलतात आणि कारभार सगळा जर्मनमध्ये. कराचा बोजा गरिबावरून काढा. रस्ते करा, शेती सुधारा. जमीनदारांनी आणि साहेबलोकांनी या माणसांना असं पिळलंय, म्हणून ताप त्यांना मारतोय. पुढच्या वर्षी त्याच्या नोकरीवर गदा आली. हा माणूस पुढे जगातला मोठा शास्त्रज्ञ झाला, आमच्या अभ्यासक्रमातही त्याचं नाव होतं, पण एका ओळीत. परीक्षेला येत नाही म्हणून कोणी वाचत नव्हतं. मी रात्री हॉस्टेलवर डिक्शनरी घेऊन वाचलं. आपले म्हातारे प्लॉटवरून बोलतात तेच हा दीडशे वर्षांपूर्वी बोलत होता.

क्षयाचंही तसंच शिकले. क्षयाचा जंतू सापडला १८८२ ला, त्यावरचं पहिलं चांगलं औषध आलं १९४० नंतर. पण इंग्लंडमध्ये क्षयाने मरणारी माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून कमी होत आली होती. का झाली यावर अजून वाद आहे. कोणी म्हणतं खायला बरं मिळू लागलं म्हणून, कोणी म्हणतं घरं, पाणी, गटारं सुधारली म्हणून. पण गोळीच्या आधी झाली हे कोणी नाकारत नाही. याचा अर्थ गोळी घेऊ नका असा नाही हं. आपल्याकडे दोन महिने गोळ्या घेऊन बरं वाटलं की सोडणारे पुष्कळ आहेत, त्यातले दोघं इथे पुढेच बसलेत. (हशा.) पूर्ण कोर्स करायचा.

आता सगळ्यात कामाचं शिकले ते सांगते. अंश आणि छेद. शाळेतलं गणित, वरचा आकडा आणि खालचा. बालमृत्यूचा दर म्हणजे जिवंत जन्मलेल्या हजार पोरांमागे वर्षाच्या आत किती गेली. गेली तो वरचा आकडा, जन्मली तो खालचा. मास्तर एकसारखे म्हणायचे, वरचा आकडा ऐकून घाबरू नका किंवा खूश होऊ नका, खाली काय आहे ते आधी विचारा. कोणाला मोजलं, कोणाला नाही.

हे ऐकलं आणि मला आपल्या अंगणवाडीतलं रजिस्टर आठवलं. दिवाळी झाली की आपले अर्धे पाडे रिकामे होतात. भिवंडी, वसई, कल्याण, पार सुरतेकडे. पावसाळ्यात शेठकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला अख्खं घर वीटभट्टीवर. पोरं बरोबर. मग अंगणवाडीताई त्या पोरांच्या नावापुढे काय लिहिते? ‘स्थ.’ स्थलांतरित. त्या महिन्याला त्या पोराचं वजन नाही. भट्टीवर तर अंगणवाडीच नाही. आपल्याकडच्या यादीतून ते गेलं, तिकडच्या यादीत ते आलंच नाही. होळीला किंवा पावसाच्या तोंडावर परत आलं तर पुन्हा नाव लागतं. परत नाही आलं तर? वरच्या आकड्यातही नाही आणि खालच्याही नाही. ताईला मी दोष देत नाही. तिला महिन्याच्या मीटिंगला लाल रंगातली पोरं वाढली म्हणून झापतात, ‘स्थ.’ लिहिलं म्हणून कोणी झापत नाही.

१९९२ ला जव्हारच्या वावर-वांगणीत पोरं गेली तेव्हा पेपरात आलं, मंत्री आले, गाड्यांची रांग लागली. ते झालं कारण पोरं पाड्यावर गेली, एकदम गेली, मोजता आली. एकएक करून दूर भट्टीवर जाणाऱ्यांसाठी गाडी येत नाही.

दुसऱ्या वर्षी आम्हाला स्वतःचा अभ्यास करायचा असतो. प्रबंध म्हणतात. मी आपल्या भागातले दोन पाडे घेतले. पाच वर्षांखालच्या पोरांची वजनं, उंची, दंडाचा घेर मोजायचा. दंडाला पट्टी लावतात, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला तर पोर फार धोक्यात. उंची कमी म्हणजे भूक जुनी आहे, पोटात असल्यापासूनची. उंचीच्या मानाने वजन कमी म्हणजे भूक आत्ताची, या महिन्यांतली. हे दोन वेगळे धागे आहेत, तुमच्या लक्षात राहू द्या, कारण सरकारी माणूस दोन्ही एकाच शब्दात गुंडाळतो.

पोराबरोबर घरचा फॉर्म भरायचा. फॉर्म तयार मिळाला, साठ-बासष्ट प्रश्नांचा. आई किती शिकली, लग्न कितव्या वर्षी, हात साबणाने धुता का, भगताकडे जाता का, घरात दारू कोण पितं, टीव्ही आहे का, फ्रिज आहे का. फ्रिज! आमच्याकडे लाइट दिवसातून किती वेळ असते? सगळा फॉर्म चाळला. जमिनीचा रकाना नव्हता. घरात धान्य किती महिने पुरतं, तोही नाही.

मी आमच्या मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, आर्थिक परिस्थितीसाठी रेशनकार्डाचा रंग विचारलाय की. मी म्हटलं, मॅडम, दोन्ही पाड्यांत सगळ्यांचं कार्ड पिवळंच आहे. ज्याच्याकडे तीन एकर प्लॉट आहे त्याचंही पिवळं आणि ज्याच्या प्लॉटात चर खणलेत त्याचंही पिवळं. मग यात फरक दिसणार कसा? त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तुला वाटतं जमिनीमुळे फरक पडतो. वाटणं पुरत नाही. विचार, मोज आणि दाखव." तेव्हा राग आला होता. आज वाटतं, दोन वर्षांत मला कोणी दिलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच.

मग आम्ही फॉर्मात तीन प्रश्न घातले. प्लॉट किती गुंठे कसता. घरचं भात-नागली किती महिने पुरतं. आणि २००२ नंतर प्लॉटातलं पीक कोणी मोडलं का, चर खणले का, रोपं लावली का. २००२ का, ते तुम्हाला सांगायला नको. त्या मे महिन्यात दिल्लीहून पत्र निघालं होतं, सप्टेंबरअखेर अतिक्रमणं काढा म्हणून. आपल्याकडे काय काय झालं ते इथल्या प्रत्येकाने बघितलंय.

तिसऱ्या दिवशी माझ्या स्वतःच्या घराचा नंबर आला. यादीत होतं, सोडता येत नाही. वहिनी समोर बसली. मी फॉर्म वाचत होते, ती उत्तरं देत होती, दोघींना हसू येत होतं. साबण आहे का, भगताकडे जाता का. मग प्रश्न आला, गेल्या पाच वर्षांत घरात कोणी मूल गेलं का. वहिनी म्हणाली, "तू होतीस ना. तुला नाय ठावं?"

मला ठाऊक होतं. दादाच्या प्लॉटात चर खणले त्या वर्षी नागली पेरताच आली नाही, वरईही नाही. त्याआधी ते दोघं भट्टीवर जायचे ते होळीच्या सुमाराला थोडे दिवस, मोकळ्या वेळात. त्या वर्षी उचल मोठी घेतली आणि भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी टेम्पोत बसले, धाकटीला घेऊन. चौदा महिन्यांची होती. भट्टीवर पाणी खड्ड्यातलं. तीन दिवस जुलाब झाले, दवाखाना लांब, मुकादम म्हणाला भट्टी लागलीय, उद्या जा. खाडीच्या कडेला पुरली. मी तेव्हा कॉलेजला होते. त्यांनी परत आल्यावर सांगितलं.

वहिनी म्हणाली, "लिव." फॉर्मात मृत्यूच्या कारणांचे नंबर दिलेले असतात. जुलाब, न्यूमोनिया, ताप, कमी वजनाचं बाळ, अपघात, इतर. मी जुलाबाचा नंबर लिहिला. ते खोटं नव्हतं. जुलाबानेच गेली. पुढच्या पानावर, आम्ही घातलेल्या तीन प्रश्नांत, चर खणले – हो. धान्य किती महिने – दीड. दोन उत्तरं वेगवेगळ्या पानांवर. त्यांना जोडणारी रेघ फॉर्मात कुठे नाही. वहिनीला लिहिता येत नाही, पण कागदाकडे बघून तिने विचारलं, "झालं? येवढंच?"

आता निकालाचं. हे नीट ऐका, कारण यावर मला तुमच्याशी भांडायचं आहे.

ज्यांचं धान्य लवकर संपतं आणि ज्यांचा प्लॉट मोडला, त्यांची पोरं सरासरीने हलकी निघाली. पण फरक असा निघाला की शास्त्राच्या कसाला उतरला नाही. त्याला असं समजा. कणगीतली एक मूठ दाणे काढले, त्यात दोन किडके निघाले, तर अख्खी कणगी किडली असं म्हणता येत नाही. पायलीभर ओतून बघावं लागतं. माझे पाडे दोनच, पोरं थोडी. मूठच होती. शंभरात पाचपेक्षा कमी वेळा असा फरक नुसत्या योगायोगाने दिसेल, तेव्हाच आमच्याकडे ठामपणे बोलायचं, अशी रीत आहे. माझा तेवढा बसला नाही. ज्या रात्री कॉम्प्युटरवर तो आकडा आला त्या रात्री मी जेवले नाही. एक मैत्रीण म्हणाली, दोन-तीन पोरं इकडची तिकडे कर, कोणाला कळणार? खरंच कोणाला कळलं नसतं. मी केलं नाही. प्रबंधात लिहिलं की फरक दिसतो पण या अभ्यासातून सिद्ध होत नाही, मोठा अभ्यास व्हायला पाहिजे.

आणि मग मागच्या महिन्यात तहसीलवर मोर्चा गेला, त्याचं पत्रक माझ्या हातात आलं. त्यात लिहिलंय, "आपल्याच कार्यकर्तीच्या अभ्यासाने सिद्ध झाले आहे की वनजमिनीवरून हुसकावल्यामुळेच कुपोषण होते." सिद्ध झाले आहे. साथींनो, सिद्ध झालेलं नाही. मला माहीत आहे कोणी लिहिलं, आणि कोणत्या भावनेने लिहिलं. पण उद्या साहेबाने माझा प्रबंध मागवला आणि मोर्च्यापुढे वाचून दाखवला, तर? तो म्हणेल, बघा, तुमच्याच पोरीने लिहिलंय सिद्ध होत नाही, म्हणजे तुमचं बाकीचंही असंच. आपल्या दाव्यांतल्या खऱ्या पावत्यासुद्धा तो त्याच टोपलीत टाकेल. आपण दावे भरताना किती जपतो, बिनपुराव्याचा एक गुंठा जास्त लिहू देत नाही. मग पोरांच्या मरणाबद्दल लिहिताना का जपत नाही? पुढच्या पत्रकात दुरुस्ती छापावी असं मी कमिटीला लेखी दिलंय.

(इथे एका साथीने उठून विचारले की मग अभ्यासाचा उपयोग काय झाला.)

उपयोग सांगते. एक तर, मला जे सापडलं ते वजनात नाही सापडलं, गैरहजेरीत सापडलं. मी पोरं मोजायला गेले ते फेब्रुवारीत. यादीतली किती पोरं घरीच नव्हती! कुठल्या घरची नव्हती ते पडताळून बघितलं, तर ज्यांचं धान्य दिवाळीआधी संपलं त्यांचीच जास्त करून. म्हणजे सगळ्यात उपाशी पोरं माझ्या काट्यावर चढलीच नाहीत. मी जिला हरले म्हणते ती तुलना मुळात उरलेल्यांची होती. हेही मी प्रबंधात लिहिलंय, आणि परीक्षकांनी यावरच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. अंगणवाडीच्या रजिस्टरात तेच होतं, तालुक्याच्या आकड्यात तेच होतं, जिल्ह्याच्याही. सरकार खोटं लिहीत नाही दरवेळी. नुसतं फेब्रुवारीत मोजतं.

दुसरं, मघाशी राहिलेलं. त्या चित्राखालची यादी. मी दारोदार गेले तेव्हा बघितलं, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी पोटुशा आहेत, डोळ्याची पापणी खाली ओढली तर आत पांढरंफटक. बाई जेवते सगळ्यांच्या शेवटी, टोपात उरेल ते. ज्या घरचा प्लॉट शाबूत आहे तिथेसुद्धा. जुलाबाच्या पोराला पाणी बंद करतात, अजूनही. त्याला उलट पाणी पाजायचं, मीठ-साखर घालून, अंगावरचं दूध चालू ठेवायचं. एका पोराला न्यूमोनिया होता, चार दिवस भगताकडे फेऱ्या झाल्या. मी भगतावर रागावत नाही, तो बोलावल्यावर रात्री दोनला येतो, आरोग्यकेंद्रातलं कोण येतं? सरकारी निकषांप्रमाणे आदिवासी भागात वीस हजार माणसांमागे एक प्राथमिक आरोग्यकेंद्र आणि तीन हजारांमागे उपकेंद्र पाहिजे. इमारती आहेत, कुलपंही आहेत. पण जमीन मिळाली की सगळं आपोआप बरं होईल असं आपण सभेत म्हणतो ते मला आता पटत नाही. त्या मास्तरांच्या यादीत जमीन नव्हती, ही त्यांची चूक. आपल्या यादीत बाईचं ताट नाही, ही आपली.

आता काम. पंधरा मिनिटं उरलीत असं अध्यक्ष सांगतायत.

वनहक्क कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ ला आले. दाव्याला कायकाय पुरावा चालतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. दंडाच्या पावत्या चालतात. म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो. बांध, झाडं, जुनी विहीर, पुरलेल्या माणसांची जागा चालते. फॉरेस्टवाल्यांनी आपल्याला गुन्हेगार ठरवायला जी पावती फाडली तीच आज आपला सातबारा व्हायला निघाली आहे. ज्यांनी ती छपराच्या वाशात खोचून ठेवली ते आज निर्धास्त आहेत, ज्यांनी चुलीत घातली ते रडतायत. आपले मृत्यू आपण चुलीत घालतोय.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आहे, १९६९ चा. जन्म असो, मृत्यू असो, २१ दिवसांत नोंदवला तर फी नाही. गावात ग्रामसेवक नोंदवतो. ३० दिवसांपर्यंत थोडी लेट फी. त्यानंतर वर्षाच्या आत वरच्या अधिकाऱ्याची परवानगी. वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटचा आदेश आणावा लागतो, म्हणजे झालंच. आणि एक गोष्ट आपल्याला कोणी सांगत नाही. नोंद जिथे घटना घडली तिथे होते. पोर वसईकडच्या भट्टीवर गेलं तर नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत. इथे परत येऊन ग्रामसेवकाशी भांडलात तर तो नाही म्हणेल, आणि या एका बाबतीत तो खरा असेल. भट्टीवर मालक नोंद करू देत नाही, पोलिसाचं लफडं नको म्हणतो. म्हणून दोन काम करायची. दिवाळीनंतर जे भट्टीवर जातील त्यांच्या टोळीत एकाने तिथल्या पंचायतीचं नाव, ऑफिस कुठे, ते पहिल्याच आठवड्यात बघून ठेवायचं. संघटनेचा फोन नंबर प्रत्येक टोळीत पाहिजे. काही झालं तर २१ दिवसांच्या आत कळवा, आपण माणूस पाठवू. हे कमिटीने मान्य केलंय.

आणि दुसरं, पाड्याची वही. प्रत्येक पाड्याला एक. एका ओळीत सात गोष्टी. तारीख. जन्म की मृत्यू. वय, पोराचं असेल तर महिन्यांत. मुलगी की मुलगा. कुठे झालं, पाड्यावर, दवाखान्यात, वाटेत की भट्टीवर, भट्टी असेल तर कुठली. काय होत होतं, किती दिवस. आणि शेवटचा रकाना, प्लॉटाचं त्या वर्षी काय झालं, धान्य किती महिने पुरलं. अंदाज असेल तर ‘अंदाजे’ लिहा. माहीत नसेल तर रेघ ओढा, मनाने भरू नका. कारणात ‘जमीन नाही म्हणून’ असं लिहू नका. जुलाब तर जुलाब लिहा. शेवटचा रकाना शेजारीच आहे, वाचणारा वाचेल. आणि जन्म विसरू नका. जन्म नसतील तर खालचा आकडा नाही, आणि मग वही कोणी जमेस धरणार नाही.

ही वही वनहक्काच्या दाव्याला जोडायची नाही, कोणी साहेबाने मागितली तरी द्यायची नाही. लहान पाड्यात नाव नसलं तरी कोणाचं पोर ते कळतं. वर्षाला दोनदा, होळीला आणि गणपतीत, ग्रामसभेत फक्त आकडे वाचायचे. दहा-बारा पाड्यांच्या तीन वर्षांच्या वह्या जमल्या की मूठ नाही, पायली होईल. मी आमच्या मॅडमना विचारलंय, त्या हिशोबाला बसायला तयार आहेत. निकाल उलटा लागला तरी छापायचा, हे मात्र आत्ताच ठरवून टाका.

वही कोण लिहील? माझं मत, बाईने लिहावी. सुईण सांगेल, शाळेतली पोर लिहील. पुरुषाला पोर किती महिन्यांचं होतं ते सांगता येत नाही, मी विचारून बघितलंय. दादालाही सांगता आलं नव्हतं. वहिनी म्हणाली, चौदा.

पहिली वही आमच्या पाड्याची, तिच्यात पहिली ओळ मी लिहिली आहे. वर्ष उलटून गेलंय, मॅजिस्ट्रेटकडे कोण जाणार, पण आपल्या वहीला मुदत नाही. जुन्याही लिहा, आठवतील तेवढ्या, समोर ‘जुनी’ असं लिहून.

वह्या तिकडे चहाच्या टेबलाशेजारी ठेवल्यात. बावीस आहेत. रकाने आखायचं राहिलंय, दुपारी जेवणानंतर ज्यांच्याकडे पट्टी आहे त्यांनी थांबावं.